नऊने भाग जाणारा फरक

हिशेबाच्या कामात एक जुनी खूण आहे. दोन बाजू जुळल्या नाहीत, तर आधी फरकाला नऊने भागून बघायचं. भाग गेला तर बहुतेक वेळा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. ६३,४५० च्या जागी ६४,३५० लिहिले गेले की फरक येतो ९००. पहिल्या नोकरीत एका वयस्कर हेडक्लार्कनी मला हे शिकवलं आणि पुढची बावीस वर्षं मी ते हात धुतल्यासारखं सहज करत आले.

२०२४ च्या एप्रिलचा दुसरा आठवडा. वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या फॅब्रिकेशन कारखान्यात वर्षअखेरीचं काम चाललं होतं. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये आणि आमच्या टॅलीत बरोबर ९०० चा फरक. मी स्क्रीनकडे बघत बसले. हा आकडा मला काहीतरी सांगतोय एवढं कळत होतं, काय ते आठवत नव्हतं. स्टेटमेंट छापून घेतलं, स्टीलची पट्टी ठेवली आणि एकेका ओळीवर टिक करत गेले. दुसऱ्या पानाच्या तळाशी पोचेपर्यंत वरचं सगळं पुसलं गेलेलं. पुन्हा पहिल्या ओळीपासून. असं तीनदा झालं. तळहात इतके ओले झाले होते की कागदावर बोटांचे डाग उमटले. तासाभराने सीएंच्या ऑफिसातून आलेली आर्टिकलशिपची मुलगी माझ्या मागे येऊन उभी राहिली. वीस-एकवीस वर्षांची पोर. म्हणाली, "ताई, नऊने जातंय ना, मग आकडे उलटे पडले असणार." ती अगदी सहज बोलली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

हे एका दिवसाचं नव्हतं. आदल्या नवरात्रापासून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ पासून, ते चालू होतं. पहाटे चारला जाग यायची ती छातीतल्या धडधडीने. काही वाईट घडणार आहे असं वाटायचं, पण काय, ते सांगता यायचं नाही. घर ठीक, मुलीची बारावी ठीक, पगार वेळेवर. तरी पोटात गोळा. आणि दिवस वर चढला की डोक्यात धुकं. समोरचा माणूस बोलतोय, शब्द ऐकू येताहेत, अर्थ मागून येतोय, कधीकधी येतच नाही. रोजच्या सप्लायरचं नाव जिभेवर यायचं नाही. गॅस बंद केला का हे बघायला मी डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावरून दोनदा घरी परत गेलेय. आपण "डोकं चालत नाही" असं दमल्यावरही म्हणतो, म्हणून मीही ते दमणंच समजत राहिले. याला ब्रेन फॉग म्हणतात हे फार नंतर कळलं.

सहा महिने मी कुणाला काही बोलले नाही. त्याचं कारण एका गावाच्या नावात आहे, आणि ते गाव माझ्या नोकरीचं. आमच्या लहानपणी कुणी जरा वेगळं वागलं की मोठी माणसं म्हणायची, "ह्याला ठाण्याला पोचवायला पाहिजे." पुणेकर येरवडा म्हणतात, आम्ही ठाणं. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. महाराष्ट्रातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. बाकीची येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. सव्वाशे वर्षांत तिथे किती लोक बरे होऊन घरी गेले असतील, पण भाषेत उरला तो टोमणाच. मी रोज ठाण्याला जाते, माझं ऑफिस त्या भिंतींपासून फार लांब नाही, आणि तरी "मला मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचंय" हे वाक्य ओठांवर आलं की मला आजोबांच्या गप्पांमधलं ते हसू ऐकू यायचं.

याच ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था उभी केली. त्यांची मराठी व्याख्यानं मी त्या काळात लोकलमध्ये कानात घालून ऐकायची. मोबाइलचा स्क्रीन मात्र पालथा ठेवायची, शेजारचीला शीर्षक दिसू नये म्हणून. एकाच गावाची ही दोन नावं माझ्या डोक्यात शेजारी शेजारी होती, आणि जुनं नाव अजून जड होतं.

९०० च्या त्या दिवशी रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलीयेस." सहा महिने एका घरात राहून आम्ही दोघं असे दोन वेगळ्या गोष्टींना घाबरत होतो. २२ एप्रिलला, सोमवारी, आम्ही फॅमिली डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-ट्वेल्व्ह, डी. सोबत ईसीजी. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण घाबरणं आणि डोकं न चालणं हे नेहमी मनातूनच येतं असं नाही. थायरॉइड मंदावली, रक्त कमी झालं, बी-ट्वेल्व्ह उतरलं, झोपेत श्वास अडकत असला तरी माणूस असाच भांबावतो. माझं टीएसएच बरोबर निघालं, ईसीजी साफ. हिमोग्लोबिन ९.४ आणि बी-ट्वेल्व्ह बरंच खाली. आम्ही शाकाहारी, त्यात दूधही मी चहापुरतंच घेणारी. इंजेक्शनं सुरू झाली. पण डॉक्टर म्हणाले, "एवढ्याने सगळं जाईल असं मी सांगणार नाही. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि तोवर रोज लिहून ठेवा."

एका मोठ्या रुग्णालयात नाव घातलं. तारीख मिळाली ११ जून. पन्नास दिवस. खिडकीवरची बाई वाईट नव्हती, तिने वही फिरवून दाखवली: डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येणार, मे महिन्यात रजेवर, पानं भरलेली. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात शंभर प्रौढांमागे दहा-अकरा जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. २०१९ च्या एका अंदाजानुसार लाखामागे मानसोपचारतज्ज्ञ एकसुद्धा पुरा नव्हता, ०.७५. २९ मे २०१८ पासून लागू झालेला कायदा प्रत्येकाला मानसिक उपचार मिळण्याचा हक्क देतो. तो हक्क आणि ती भरलेली वही, यांच्यामधल्या जागेत मला पन्नास दिवस काढायचे होते. पैसे घालून खासगीत लवकर जाता आलं असतं का? एक-दोन ठिकाणी विचारलं. तिथेही तीन-चार आठवडे, आणि दर वेळची फी आमच्या हिशेबात बसणारी नव्हती.

वही मी हिशेबनीसाच्या पद्धतीने घातली. डाव्या पानावर रोजकीर्द: किती वाजता, काय झालं, किती मिनिटं, आदल्या रात्री झोप किती, चहा किती, जेवण झालं का, पाळीचा कितवा दिवस. दर रविवारी उजव्या पानावर खतावणी, म्हणजे एकेका खात्यावर नोंदी उतरवून काढायच्या. माझी अशी पक्की समजूत होती की मला त्रास होतो तो तारखांमुळे. टीडीएस सातला, जीएसटीआर-वन अकराला, पीएफ आणि ईएसआय पंधराला, थ्रीबी वीसला. तीन आठवड्यांच्या नोंदी उतरवल्यावर दिसलं की तारखांचा आणि धडधडीचा फारसा मेळ नाही. सगळ्यात वाईट वेळ रविवारची संध्याकाळ. दुसरी, जेवायला अडीच-तीन वाजले तो दिवस. झोप पाच तासांच्या खाली गेली की दुसऱ्या सकाळी अकरापर्यंत धुकं ठरलेलं. चहा सात कप निघाला! मी तीन समजत होते. आणि एक गोष्ट चांगली होती: साडेअकरा ते एक या वेळात माझं डोकं जवळजवळ पहिल्यासारखं चालत होतं, बहुतेक दिवशी.

मग कामाची मांडणी त्यावर केली. पैसे पाठवायचं काम, पार्टीचं पेमेंट, पगार, चलन, जे काही चुकलं तर परत आणणं कठीण, ते साडेअकरा ते एकमध्ये. सकाळी फायलिंग आणि व्हाउचरना नंबर घालणं. तीननंतर फक्त नोंदी, त्याही दुसऱ्या दिवशी तपासायच्या. आकडा वाचताना हळू आवाजात बोलून वाचायचा, मनातल्या मनात नाही. कुणी मधे हाक मारली तर आधी त्या ओळीवर पेन्सिलीची खूण, मग मान वर. ही खूण फार उपयोगी पडली. पूर्वी मला स्वतःच्या डोक्यावर भरवसा होता, त्या दिवसांत तो कागदावर ठेवला.

आणि साहेबांना सांगितलं. हे सगळ्यात अवघड गेलं. आजाराचं नाव घेतलं नाही, एवढंच म्हटलं, "सर, माझी तब्येत बरी नाही, लक्ष राहत नाही, जूनमध्ये डॉक्टरांची तारीख आहे. तोवर एक लाखाच्या वरचं प्रत्येक पेमेंट तुम्ही किंवा डिस्पॅचमधला दादा एकदा बघाल का?" त्यांनी विचारलं, "काही गंभीर?" मी म्हटलं, "अजून माहीत नाही." ते म्हणाले, "ठीक आहे, मी बघत जाईन." दोन मिनिटांत संपलं. मी त्यासाठी आठ दिवस शब्द जुळवत होते. सगळ्या मालकांची उत्तरं अशी नसतात हे मला माहीत आहे. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलेल्या दोघी-तिघी मला आमच्याच डब्यात भेटल्यात, आणि त्यांना मी सांगून टाका असं म्हणू शकले नाही.

गाडीही बदलली. डोंबिवली फास्टच्या गर्दीत ठाण्यापर्यंत दार कुठल्या कुठे, श्वास छातीच्या वरच अडकायचा. मी स्लो धरायला लागले. वेळ जास्त लागतो, पण कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, दर चार-पाच मिनिटांनी स्टेशन येतं. उतरता येईल एवढं माहीत असलं की उतरावं लागत नाही. पन्नास दिवसांत मी एकदाच उतरले, कळव्याला, बाकावर दहा मिनिटं बसले आणि पुढची गाडी धरली. त्याच स्लोमध्ये एक ओळखीची झालेली काकू, तिचे यजमान मोटरमन. थंडीत टिटवाळ्याकडे धुकं पडलं की गाड्या लेट का होतात ते ती सांगत होती. म्हणाली, "धुक्यात गाडी बंद नाही करत गं. वेग उतरवायचा आणि पुढचा सिग्नल दिसेल तेवढंच जायचं." ती गाडीबद्दलच बोलत होती. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

याच डब्यात एक चूकही झाली. एका मैत्रिणीने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "सासूबाईंची आहे, अर्धी घे, मस्त झोप लागते." मी दोन रात्री घेतली. झोप लागली हे खरं. पण दुसऱ्या दिवशी साडेअकरा ते एक ही माझी एकमेव चांगली वेळसुद्धा धुक्यात गेली, आणि तिसऱ्या रात्री गोळी नसताना धडधड दुप्पट. ती अल्प्राझोलाम होती. असली औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात, दुकानदाराने चिठ्ठी बघून, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करूनच द्यायची, आणि तिची सवय लागू शकते. डॉक्टरांच्या हातात ती औषध असते. मैत्रिणीच्या पर्समधून तिने मला दोन दिवस मागे नेलं. ज्यांची तारीख लांब आहे त्यांना मी हात जोडून सांगते, हे करू नका. आणि डॉक्टरांनी दिलेली रोजची गोळी असेल तर तीही आपल्या मनाने बंद करू नका.

२३ मे, गुरुवार. दुपारी जेवून बसले होते तेव्हा मुलीचा फोन. "आई, मोठा आवाज झाला, हॉलची काच फुटली." डोंबिवली एमआयडीसीत रासायनिक कारखान्यात स्फोट झाला होता. मला आधी २६ मे २०१६ आठवला, तेव्हाही मेच, तेव्हाही काचा. मी म्हटलं, "पायात चप्पल घाल. काचेजवळ जाऊ नकोस. गॅस बंद कर. किल्ली घे आणि समोरच्या काकूंकडे जाऊन बस, मग मला फोन कर." नवऱ्याला फोन, सोसायटीच्या सेक्रेटरींना फोन, साहेबांना सांगून बाहेर. आवाज थरथरला नाही, एकही गोष्ट विसरले नाही. त्या दिवशी आमच्या गावात माणसं गेली, कामावर गेलेली परत आली नाहीत, त्यांच्या घरच्यांपुढे माझी फुटलेली काच काहीच नाही. पण रात्री तुकडे झाडून झाल्यावर वही उघडली तेव्हा लक्षात आलं की ज्या दुपारी घाबरायला खरं कारण होतं, त्या दुपारी माझं डोकं लख्ख चाललं. म्हणजे ते गेलेलं नाही. आत आहे, कुणीतरी अडवून धरलंय. सात महिन्यांत पहिल्यांदा मला वाटलं की हे बरं होणारं दुखणं आहे.

आठच दिवसांनी अगदी उलट झालं. ठाण्याचे पाच-सहा नंबरचे फलाट रुंद करायला रेल्वेने ६३ तासांचा ब्लॉक घेतला, ३१ मेला ऑफिसला सुट्टी. घरात एकटी, हाताला काम नाही, बाहेर काहिली. संध्याकाळी इतकं घाबरं झालं की भिंतीला धरून बसले. तेव्हा १४४१६ लावला. टेली मानस ही सरकारची चोवीस तासांची मोफत सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली. नंबर माझ्याकडे महिनाभर लिहिलेला पडला होता. मराठी निवडलं. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून माझ्या लेकीपेक्षा थोडी मोठी. तिने झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं, घरात कोण आहे विचारलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, जीव द्यावा असं मनात येतं का?" हा प्रश्न तोवर मला कुणीच विचारला नव्हता, मी स्वतःलाही नाही. मी म्हटलं, "नाही. पण सकाळ होऊ नये असं वाटतं." ती दचकली नाही. ते नवऱ्याला आजच सांगा म्हणाली, आणि विचार पुढे सरकला तर ११ तारखेची वाट न बघता थेट रुग्णालयात जा, हे दोनदा बजावलं. मला औषध मिळालं नाही, तारीख अलीकडे आली नाही. पण फोन ठेवला तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि मी वरणभाताचा कुकर लावला.

११ जूनला डॉक्टरांसमोर मला जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. बोलायला लागल्यावर नेहमीसारखे शब्द पळाले, म्हणून मी उजवी पानं वाचून दाखवली. ते मधे थांबवून पाळीबद्दल विचारू लागले. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस, पाळी वर्षभर मागेपुढे होत होती, आणि पाळी जाण्याच्या आधीच्या वर्षांत झोप, घाबरणं आणि विसरणं हे तिन्ही वाढू शकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वहीत तो कॉलम मी केवळ सवयीने घातला होता. त्यांनी सांगितलं की काळजी डोक्यातली तीच जागा अडवते जिथे आपण आकडा क्षणभर धरून ठेवतो, म्हणून ओळ वाचली की पुसली जाते. गोळी दिली आणि बजावलं की गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतील, पहिले काही दिवस अस्वस्थपणा वाढल्यासारखा वाटेल, तेव्हा सोडू नका. सोबत समुपदेशन, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना चिठ्ठी. वही परत देताना म्हणाले, "ही पुढच्या वेळी पण आणा."

जुलैच्या मध्यावर धडधड उतरायला लागली. धुकं त्याहून हळू गेलं, गणपतीपर्यंत रेंगाळलं. अजूनही वाईट झोपेनंतर येतं, पण आता मी त्याला ओळखते आणि त्या दिवशी पेमेंट करत नाही.

नंतर एकदा मी याही काळाचा हिशेब मांडला. दुखणं सुरू झालं तेव्हापासून डॉक्टरांच्या खुर्चीसमोर बसेपर्यंत आठ महिने गेले. त्यातले पन्नास दिवस रांगेचे. बाकीचे सहा महिने रांगेतच नव्हते, ते माझ्या न बोलण्याचे, आणि त्या एका टोमण्याचे. रांग कमी करायला सरकारला डॉक्टर वाढवावे लागतील, आणि ते मागत राहायलाच हवं. तो टोमणा बंद करायला कुणाची मंजुरी लागत नाही. घरात पोरांसमोर "ठाण्याला पाठवायला पाहिजे" म्हणू नका. तुमच्या ऑफिसात एखादी बाई तेच पान तिसऱ्यांदा तपासत बसलेली दिसली, तर तिला हळू झाली म्हणण्याआधी झोप लागते का ते विचारा.

गेल्या महिन्यात बँकेच्या जुळवणीत २७० चा फरक आला. नऊने भाग गेला. १८,५२० च्या जागी १८,२५० पडले होते, सकाळी अकराच्या आधी केलेली नोंद. दहा मिनिटांत सापडली.